माझी मेंढरं आधी पांढरी होती

लिनोवर पहिलं मेंढरू कोरायला मला पावणेदोन तास लागले आणि ते मेंढरू चुकीचं निघालं. चुकीचं म्हणजे पाय वाकडे वगैरे नाही, पाय बरे जमले होते, मेंढरूच आपल्याकडचं नव्हतं. पण ते नंतर कळलं, आधी मी या भानगडीत पडले कशी ते सांगते.

मी एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. चित्रकलेशी माझा शेवटचा अधिकृत संबंध म्हणजे शाळेतली इंटरमिजिएटची परीक्षा, त्यात सी ग्रेड, आणि ती पण बाईंची कृपा असं आई अजून म्हणते. पण वाचते भरपूर. आणि माझं असं होतं की एखादी कादंबरी संपली की ती आठ-पंधरा दिवस डोक्यातून जात नाही, पोळ्या लाटताना, बसमध्ये, व्हाउचर तपासताना मध्येच त्यातलं कोणीतरी येऊन बसतं, आणि मग याचं काहीतरी करायला पाहिजे असं वाटत राहतं. लोक त्यावर लिहितात, मला तसं लिहिता येत नाही (हे लिहितेय ते सोडून द्या).

तर पहिला प्रयोग केला होता रणांगणवर. विश्राम बेडेकरांची, 1939 सालची. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर, हॅर्टा, सगळं वाचून मी इतकी हलले होते की दुसऱ्याच दिवशी जलरंग काढले आणि चार रविवार घालवून जे चित्र केलं त्यात निळं पाणी, पांढरी बोट आणि वर ढग. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, मालवणचं बुकिंग केलंस का? राग आला पण त्याचं बरोबरच होतं, बोट मी इंटरनेटवरच्या फोटोवरून काढली होती, कादंबरी त्यात कुठे नव्हतीच. नंतर उद्धव शेळक्यांची धग वाचून गोधडी शिवायला घेतली, कौतिकचं घर शिंप्याचं म्हणून, जुन्या साड्या जमवल्या, धावदोरा घालायला लागले, आणि ती अर्धी गोधडी तीन वर्षं दिवाणाच्या पोटात आहे. तिच्याबद्दल आज नको.

मग दोन दिवसांच्या एका वर्कशॉपमध्ये लिनोकट शिकले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे एकत्र करून तागाच्या कापडावर बसवलेली तीनेक मिलिमीटर जाडीची शीट, पूर्वी परदेशात लोक ती घरात जमिनीवर अंथरायचे. त्यावर चित्र काढायचं, जो भाग पांढरा हवा तो गाऊज नावाच्या हत्याराने कोरून काढायचा, उरलेल्यावर रोलरने काळी शाई लावायची आणि वर कागद ठेवून घासायचं. शिकवणाऱ्या सरांनी नंदलाल बोसांचा 1930 सालचा लिनोकट दाखवला, दांडीयात्रेच्या वेळचा, काठी घेऊन चाललेले गांधीजी, सगळं काळं आणि त्यात थोड्याशा पांढऱ्या रेषा. सर म्हणाले, यात त्यांनी काय कोरलं ते बघू नका, काय कोरलं नाही ते बघा. त्या वेळी मला हे वाक्य उगाच भारदस्त वाटलं होतं. माझं लक्ष चहा कधी येतोय याकडे होतं.

त्याच आठवड्यात व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या मास्तरची कादंबरी, परत हातात आली. चौथ्यांदा. आणि यावेळी वाचताना एकदम वाटलं की अरे, ही तर लिनोची कादंबरी आहे. 1955 सालची, बारकी, दोन बसण्यांत संपते, आणि माडगूळकर एका वाक्यात माळ उभा करतात आणि पुढे निघून जातात, रंगवत बसत नाहीत. ते स्वतः चित्रं काढायचे, त्यामुळेही असेल. ठरवलं, पाच प्रिंट करायचे. पहाटेचा रस्ता, मेंढरं, नांगर, तालीम आणि शेवटी दुष्काळातलं रिकामं गाव. आणि अमोल पालेकरांचा सिनेमा तोपर्यंत बघायचा नाही, कारण एकदा बघितला की मास्तरचा चेहरा फिक्स होणार आणि मग मी तोच कोरत बसणार.

सामान आणलं अप्पा बळवंत चौकातून. आणि लगेच कळलं की चित्र काढण्यासाठी वाचणं आणि नुसतं वाचणं यात फार फरक आहे, कारण एरवी आपण "माळ" हा शब्द वाचतो आणि पुढे जातो, पण कोरायचं म्हटल्यावर माळावर काय आहे, गवत किती उंच, बाभूळ आहे की बोर, सावली कुठे पडते, मास्तरच्या पायात काय, खांद्यावर पिशवी की हातात, हे सगळं ठरवायला लागतं आणि पेन्सिल घेऊन पुस्तक उलटंपालटं करून बघितलं तरी हवं ते नेमकं सापडत नाही. मी एक वही केली. डाव्या पानावर "लिहिलंय", उजव्या पानावर "मी घातलं". उजवं पान भराभर भरत गेलं आणि मला जरा लाजच वाटायला लागली, की चार वेळा वाचलेली जी बनगरवाडी माझ्या डोक्यात आहे त्यात माडगूळकरांचं किती आणि माझं किती.

पहिला प्रिंट रस्त्याचा. कादंबरीच्या सुरुवातीला मास्तर भल्या पहाटे निघतो, ते. लिनो थंडीत कडक होतो, गाऊज सरकत नाही, मग मी त्यावर सुती कापड टाकून कोमट इस्त्री फिरवायचे, की तो जरा वेळ लोण्यासारखा कापला जातो. एकदा इस्त्री करायच्या टेबलावर नवऱ्याचा शर्ट बाजूला सारून लिनो इस्त्री करताना सासूबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी फोनवर नणंदेला सांगत होत्या, "अगं ती आता फरशी इस्त्री करते."

शाई तेलाची घेतली, कारण पाण्याची शाई रोलर फिरवता फिरवता वाळायची. तेलाच्या शाईचा त्रास म्हणजे रॉकेलचा वास आणि नखं. ऑफिसमध्ये चेक देताना लोक माझ्या बोटांकडे बघायचे. आणि कागद मी हौसेने जाड हातकागद आणला होता, तो खरबरीत, शाई सगळीकडे बसेना, काळ्यात बारीक बारीक पांढरे ठिपके राहायला लागले, मीठ सांडल्यासारखे. स्वयंपाकघरातला स्टीलचा डाव घेऊन त्याच्या पाठीने अर्धा अर्धा तास घासलं, खांदा भरून आला, ठिपके तसेच. म्हटलं फेकून द्यावं, आणि उचलून लांब धरलं तर ते आभाळ होतं. खरंच. पहाटेचं चांदणं असलेलं आभाळ, जे मी कोरलंच नव्हतं. तो एकच प्रिंट हातकागदावर ठेवला, बाकीचे पुढे पातळ गुळगुळीत कागदावर काढले. असा फुकटचा फायदा परत कधी झाला नाही.

आता मेंढरं.

मेंढरांचा ब्लॉक सगळ्यात मोठा होता, वहीच्या दोन पानांएवढा. कळप, मागे माळ. मी काय केलं तर एकेक मेंढरू घेऊन त्याच्या अंगावरची लोकर कोरली, गोल गोल, ढगासारखी, म्हणजे जवळजवळ सगळं अंग कोरून काढायचं, फक्त कडा आणि तोंड काळं ठेवायचं. पावणेदोन तास एकाला. अशी सात झाली. टेस्ट प्रिंट काढला आणि कौतुकाने ऑफिसला घेऊन गेले. आमच्याकडे शिपाई आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, मूळचे माण तालुक्यातले, घरी वडिलांची मेंढरं होती. त्यांना दाखवला. मामांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले,

"म्याडम, ही कुठली म्हणायची?"

"बनगरवाडीची. माणदेशातली."

"आमच्याकडं नसत्यात अशी. ही विलायती दिसत्यात. क्यालेंडरवर असत्यात तसली." मग मला वाईट वाटू नये म्हणून, "पाय झकास काढल्यात पण."

घरी येऊन विचार करायला लागले की ही मेंढरं माझ्या डोक्यात आली कुठून. आली ती नर्सरीच्या पुस्तकातून, इंग्लिश कवितांच्या, ढगासारखं अंग आणि काळे पाय. माडगूळकर चार वेळा वाचून सुद्धा माझ्या माळावर चौथ्या वर्षी पाठ केलेली मेंढरं चरत होती आणि मला पत्ता नव्हता! वहीत "मी घातलं" च्या पानावर मेंढरांची नोंदच नव्हती, कारण मी काही घातलंय असं मला वाटलंच नव्हतं.

दिवाळीनंतर सासवडकडे जाताना रस्त्याकडेच्या शेतात मेंढरं बसवलेली दिसली. आपल्याकडे दिवाळी झाली की माणदेशातले, खटाव-फलटणकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन बाहेर पडतात, कोणी घाट उतरून कोकणात जातं, कोणी इकडेच शेतं धरतं, शेतकरी रात्री मेंढरं रानात बसवून घेतो कारण लेंड्यांचं खत मिळतं, आणि पावसाच्या तोंडाला परत गावाकडे. हे सगळं मला माहीत होतं, दर वर्षी गाडीच्या काचेतून बघतच होते. यावेळी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. घोडी बांधलेली, तीन दगडांची चूल, जाळी गुंडाळून ठेवलेली, डालग्याखाली कोंबड्या, आणि एक मावशी पाटीतल्या कोकराला कुरवाळत बसलेल्या. विचारलं, मावशी बघू का मेंढरं जवळून, चित्र काढायचंय. त्या म्हणाल्या, "बघ की, त्यास्नी काय पैसं पडत्यात व्हय."

जवळून बघितली आणि सगळं चुकलंय हे दोन मिनिटांत कळलं. बहुतेक सगळी काळी. काही काळी-करडी, एखादंच पांढरट. कान लोंबते. नाकाचा बाक असा की बाजूने बघितलं तर तोंड जरा हट्टी वाटतं. लोकर ढगासारखी अजिबात नाही, राठ, आखूड, अंगालगत, पाठीवर धूळ. घोंगडीला हात लावला की जसं टोचतं तसंच ते टोचतं, आणि साहजिकच आहे, घोंगडी त्याचीच होते ना, सनगर विणतात ती, चिंचोक्याची खळ लावून. मी इतकी वर्षं काळी घोंगडी बघत होते आणि पांढरी मेंढरं काढत होते, या दोन गोष्टींची डोक्यात कधी गाठच पडली नाही. आणि दाटीने उभी असली की ती वेगळी वेगळी दिसतच नाहीत, एक काळा ढीग दिसतो, त्यातून इथे एक कान, तिथे नाकाची रेघ, उन्हात चमकलेली पाठ.

म्हणजे लिनोला हवं ते हेच की! काळा भाग ठेवायचा आणि फक्त उजेड कोरायचा. नवा ब्लॉक घेतला. एका कळपाला, मोजून सांगते, साधारण चाळीस मेंढरांना, मला सव्वा तास लागला. सगळ्यात बारीक व्ही गाऊजने पाठीची एक रेघ, कान, नाकाचा बाक, बस. त्या सरांचं वाक्य तेव्हा आठवलं, चहासकट.

नांगराच्या प्रिंटने मात्र रडवलं. वाडीतल्या शेकूकडे दुसरा बैल नाही आणि त्याची बायको बैलाच्या जोडीला औताला लागते, तो प्रसंग. चौथ्या वाचनात सुद्धा मी तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसते. मी आधी तिचा चेहरा कोरला. घाम, मिटलेले ओठ, सगळं. आणि ते इतकं फिल्मी झालं, जुन्या पोस्टरसारखं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तीन ब्लॉक वाया गेले. एकात तर चेहरा चांगला जमला होता आणि तरीही चित्र खोटं वाटत होतं, का ते कळेना. मग मामांनाच विचारलं की जू कसं असतं, नीट सांगा. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने काढून दाखवलं, हे जू, ह्या शिवळा, ही जुपणी, बैलाची मान दोन शिवळांच्या मध्ये बसते. आणि बोलता बोलता म्हणाले, "माणसाची मान काय हितं बसायची न्हाई म्याडम, माणसाला खांद्यानं न्हाई तर छातीनं रेटाय लागंल."

एवढंच कोरलं. जूचं लाकूड कागदभर आडवं, एका टोकाला बैलाची मान, बरोबर दोन शिवळांमध्ये बसलेली, आणि दुसऱ्या टोकाला शिवळा रिकाम्या, लाकूड खांद्याला लागलेलं आणि चोळीच्या बाहीला पडलेल्या चुण्या. चेहरा कागदाच्या बाहेर. आईला हा बघून काही कळलं नाही, ती म्हणाली बैलगाडी का? मी हो म्हटलं.

याच ब्लॉकवर अंगठा कापला. नियम साधा आहे, धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही, पहिल्या दिवशी शिकवतात. रात्री साडेअकरा, अजून एकच चुणी म्हणत होते, लिनो गार पडलेला, परत इस्त्री लावायचा कंटाळा केला, जोर लावला आणि गाऊज सटकला तो थेट डाव्या अंगठ्यात. दोन टाके. डॉक्टरांनी विचारलं कशाने, म्हटलं कादंबरी वाचताना. त्यांनी वर पाहिलं नाही.

तालमीच्या प्रिंटसाठी औंधला जाऊन आले, पुण्यातल्या नाही, साताऱ्याच्या. कादंबरी औंध संस्थानातली आहे आणि तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात ना, तर माझ्या मनात होतं की फेटा, काठी, गर्दी, सूर्यनमस्कार घालणारी रांग असं काहीतरी भव्य करावं, कारण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. यमाईच्या डोंगरावर त्यांचं चित्रसंग्रहालय आहे, 1938 सालचं. रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प सुद्धा आहे, खटाव तालुक्यात हेन्री मूर, विचार करा, आणि स्वतः राजेसाहेबांनी काढलेली चित्रं आहेत. ती चित्रं बघताना मला एकदम धडकी भरली. ज्या माणसाला मी सी ग्रेडच्या हाताने कोरायला निघाले होते तो स्वतः चित्रकार. फेटा रद्द, रांग रद्द. परत येऊन तालमीचं नुसतं आतलं कोरलं, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेले दोन मुद्गल आणि दारातून आलेला उजेडाचा पट्टा. ते पण सगळं उजव्या पानावरचं, पुस्तकातलं नाही, पण आता मी ते पान लपवत नव्हते.

शेवटचा, रिकाम्या गावाचा प्रिंट सगळ्यात सोपा गेला, जवळजवळ सगळं कोरूनच टाकायचं होतं. शाळेच्या पाटीवर "शाळा" लिहिलं होतं, लिनोवर सगळं उलटं कोरायचं असतं हे पाठ असूनही मी सुलटं कोरलं, छापल्यावर काना नको तिकडे गेला. पाटीच कोरून टाकली. गावात कोणी नसताना पाटी वाचणार कोण.

मे महिन्यात पाचही ब्लॉक पूर्ण झाले आणि प्रत्येकाचे दहा-दहा प्रिंट काढायला घेतले. पेन्सिलने खाली नंबर घालायचा असतो, दहापैकी एक, दहापैकी दोन असं. मेंढरांचे सात झाले होते, दोरीवर चिमट्यांनी वाळत लावलेले. त्यातला पहिला वाळल्यावर मामांना भेट दिला. यावेळी चष्मा लावून बघताना ते हसले. म्हणाले, "आता हाय आमची." बोटाने एकेक नाक मोजल्यासारखं केलं. मग कागद लांब धरला, जवळ आणला, मागं उलटून पण बघितलं.

"कुत्रं कुठाय?"

"कुत्रं?"

"एवढी मेंढरं रानात आनि कुत्रं न्हाई? लांडगा आला मंजे?"

वहीत बघितलं. ना डाव्या पानावर, ना उजव्या. लिनोचं असं आहे की एकदा कोरून काढलेलं काळं परत लावता येत नाही, मोकळ्या माळावर कुत्रं उभं करायचं तर तिथे आता काळा उरलाच नव्हता, सगळा माळ मीच हौसेने साफ केला होता. रात्री ब्लॉक पुढ्यात घेऊन बसले. कळपाच्या डाव्या टोकाला एक मेंढरू जरा सुटं होतं, अजून भरपूर काळं शिल्लक असलेलं. ब्लॉक इस्त्रीखाली नीट गरम केला, डावा हात मागे ठेवला, आणि त्याच्या लोंबत्या कानाभोवती कोरून कान उभा केला, पाठ बारीक केली, मागे शेपटीएवढं काळं वाचवलं. वीस मिनिटं लागली.

आठवा प्रिंट काढला. एकोणचाळीस मेंढरं आणि एक कुत्रं. मामा म्हणाले, "ह्यो द्या मला, त्यो पैला तुमाला ऱ्हाऊ द्या."